सहाव्या कॉन्स्टंटाइनची गैरहजेरी

१

लाकडी पेटीत खळगे अकरा होते आणि नाणी दहा.

टियर्नी मास्तरांनी चष्मा काढला, स्वेटरला पुसला, पुन्हा लावला. नाणी दहाच राहिली.

"सहावा गेला," ते हळूच म्हणाले. एखादा विद्यार्थी वर्गातून पळाल्याची नोंद करावी, इतक्या हळू.

हेमचंद्रबुवांचा हात नकळत गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडे गेला. आयर्लंडमधल्या क्लोनडॉकिन गावातलं हे घर त्यांच्या लेकीचं, माधवीचं. नातू झाला म्हणून बुवा मिरजेहून आले होते. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला आणि संध्याकाळी कीर्तन केलं, त्यामुळे शेजारचे टियर्नी मास्तर भेटल्यावर त्यांना हरवलेला भाऊ सापडल्यासारखं झालं. मास्तरही निवृत्त, विधुर, लॅटिन आणि इतिहासाचे. त्यांचा एकच नाद होता. रोमच्या आणि पुढे बायझँटियमच्या गादीवर कॉन्स्टंटाइन नावाचे अकरा सम्राट होऊन गेले. त्या अकराही जणांचं एकेक नाणं त्यांनी तीस-चाळीस वर्षं खपून जमवलं होतं.

पहिल्या कॉन्स्टंटाइनने शहर वसवलं आणि अकराव्याने त्याच शहराच्या तटावर लढता लढता देह ठेवला, हे बुवांनी ऐकलं मात्र, त्यांच्या अंगावर काटा आला. "मास्तर, हे तर आख्यान आहे. नाव एक आणि करणी अकरा. मी ह्यावर कीर्तन करतो."

"मग पेटी घेऊन जा," मास्तर म्हणाले होते. "ह्या वर्षी आमची घोड्याची नि सॅमन माशाची नाणी गेली, युरो आला. जुन्या नाण्यांकडे बघायला कुणीतरी हवंच आहे."

कीर्तन आज दुपारी, चर्चच्या मागच्या हॉलमध्ये. काल संध्याकाळी इथेच, ह्या पुढच्या खोलीत तालीम झाली. रात्री पेटी इथेच राहिली, किल्ली स्वयंपाकघरातल्या खिळ्याला. आणि ह्या खोलीत, ह्या सोफ्यावर झोपतो विक्रांत.

"मी तं शशीले आधीच म्हटलं होतं," दारातून विहीणबाईंचा आवाज आला. रोहिणीबाई नागपूरच्या, जावई शशिकांतच्या मातोश्री. "विक्रांत नावाचा माणूस घरात घेऊ नको बाप्पा. पहिल्यानं काय दिवे लावले ते पाह्यलं ना."

ह्या घरात आधीही एक विक्रांत राहून गेला होता. एका पहाटे तो कंपनीचा लॅपटॉप आणि शशिकांतचा नवाकोरा हिवाळी कोट घेऊन जो लंडनला गेला, तो गेलाच. तेव्हापासून हा बिचारा पुण्याचा पोरगा सगळ्या मराठी मंडळींत 'विक्रांत दुसरा' झाला होता. त्यात त्याची कंपनी हिवाळ्यात बंद पडली, म्हणून शशिकांतने त्याला घरात ठेवून घेतलं. कामाचा परवाना संपत आला होता. टियर्नी मास्तरांचा पुतण्या स्वोर्ड्स गावात सॉफ्टवेअरचं ऑफिस चालवतो. आज संध्याकाळी मास्तर त्याला फोन करणार, शब्द टाकणार, आणि उद्यापासून विक्रांत कामावर, असं ठरलं होतं. नाही जमलं तर आठवड्याच्या आत पुण्याचं विमान.

मास्तरांनी पेटीचं झाकण लावलं. "हेम, मी पोलिसांना, गार्डाला बोलावणार नाही. पण संध्याकाळी पुतण्याला सांगायचं काय? मुलगा चांगला आहे असं मला वाटतं, एवढंच मी कालपर्यंत म्हणू शकत होतो. आज तेही..."

बुवांनी मान वर केली. विहीणबाईंच्या मागे, हातात चहाचा ट्रे घेऊन, विक्रांत उभा होता.

२

"बुवा, मी बॅग भरतो," तो म्हणाला.

"भर. पण दुपारी तबल्याला कोण बसणार?"

"माझ्या हातून आज वाजेल का?"

"काल तर छान वाजलं. बस इथे. रात्री काही आवाज ऐकलास?"

"मी झोपलो की मेल्यासारखा झोपतो. पहाटे शशीदादा ड्यूटीला गेले तेव्हा बाहेरचं दार वाजलं, एवढंच." तो ओठ चावत राहिला. "बुवा, एक विचारू? चोरायचंच असतं तर मी सहावा कशाला घेतला असता? अकरावा नसता घेतला?"

बुवा थांबले. खरंच की. काल पेटी देताना मास्तरांनी सगळ्यांच्या देखत सांगितलं होतं, की अकराव्याचं ते नखाएवढं चांदीचं नाणं बाकीच्या दहांना भारी पडेल. शेवटचा सम्राट, वेढा पडलेलं शहर, नाणी पाडायला धातू नाही. म्हणून ते दुर्मिळ. ते समोर असताना चोराने त्याला हात लावला नाही.

"म्हणजे त्याला किंमत नको होती," बुवा स्वतःशी म्हणाले. "मग हवं होतं काय?"

ते वर माधवीकडे गेले. ती बाळाला थोपटत होती.

"काल तालमीत तू होतीस का गं?"

"बाबा, मी खाली उतरलेच नाही. हा रडत होता. तुमचे अकरा की बारा, मला पहिला पण ऐकू आला नाही."

"विहीणबाई आज खुशीत होत्या सकाळी. ही चोरी कळायच्या आधी म्हणतोय. गुणगुणत होत्या."

माधवीने डोळे फिरवले. "असणारच. जिंकल्या ना. गुटीत सोन्याचे वळसे द्यायचे म्हणून चार दिवस जेवण अर्धं टाकलं होतं त्यांनी. शशी औषधांच्या कारखान्यात क्वालिटीला. तो म्हणे, आई, तुझी अंगठी बावीस कॅरेटची, त्यात तांबं, डाग दिलाय तिथे आणखी काय काय. माझ्या पोराच्या तोंडात अशुद्ध माल जाणार नाही. शुद्ध सोनं आण, मग बघू. आणि आज पहाटे त्यांनी गुपचूप अंगठी उगाळलीच. वाटी भरून ठेवलेली दिसली मला. मी काही बोलले नाही. जाऊ दे. इथे म्हणतात तसं, ग्रँड, सगळं ठीक."

"तू उगाळताना पाहिलंस?"

"नाही. पण दुसरं कोण करणार?"

बुवा खाली स्वयंपाकघरात आले. भिंतीतल्या कपाटात, ज्याला हे लोक प्रेस म्हणतात, चंदनाची सहाण पालथी घातलेली होती. त्यांनी ती उलटी करून खिडकीपाशी धरली. बाहेर आयर्लंडचं ऊन क्षणभर डोकावून गेलं, आणि तेवढ्यात सहाणेच्या कडेला केसाएवढी पिवळी रेघ चमकली.

विहीणबाईंच्या अंगठीला खडे होते. चारी बाजूंनी. अशी सरळ, लांब रेघ त्या अंगठीने उठणं शक्य नव्हतं.

३

मुलीच्या बापाने मुलाच्या आईला तिच्याच लेकाच्या घरात जाब विचारायचा, ही गोष्ट बुवांच्या सात पिढ्यांत झाली नव्हती. मिरजेत असते तर त्यांनी कुणा चुलत्याला पुढे घातलं असतं. इथे चुलता कुठून आणणार? त्यांनी उपरणं सारखं केलं आणि ते रोहिणीबाईंसमोर पाटावर बसले. खुर्ची रिकामी असून मुद्दाम पाटावर.

"विहीणबाई, आज बाळाला गुटी छान लागली म्हणे."

"लागनारच. माह्या सासूनं शिकवलेली हाय." डोळे बारीक झाले. "काऊन विचारून रायले बुवा?"

"सहज. सोनं कोणतं उगाळलंत?"

"पाहा बाप्पा. म्हणजे आता आळ माह्यावर."

"छे छे. असं कसं म्हणेन मी? पोराच्या नोकरीचा प्रश्न आहे, म्हणून तोंड उघडलं."

रोहिणीबाईंनी पदर खांद्यावर ओढला. मग आवाज उतरला. "मी नाई उगाळलं. सूनबाईनं उगाळलं. सकाळी उठून पाहतो तं वाटी तयार, त्यात वळसे दिसून रायले. मले लय बरं वाटलं. म्हटलं, पोरीनं सासूचं मन राखलं, पन बोलून दाखवलं नाई. मीबी मंग बोलली नाई."

बुवांना हसू आवरेना. सासूला वाटत होतं सुनेने केलं, सुनेला वाटत होतं सासूने केलं, आणि दोघी एकमेकींवर मनातून खूश होऊन गप्प होत्या. देवाने असा गैरसमज रोज एका घरात घालावा.

पण मग उगाळलं कुणी?

ते अंगणात गेले. गवत ओलं होतं. त्यांनी डोळे मिटले आणि कालची तालीम पुन्हा उभी केली. कीर्तनकार गातो एकीकडे आणि बघतो चहूकडे. कोण डुलतं, कोण पेंगतं, कोण चप्पल शोधतं, हे त्याला पाठ असतं.

सुरुवातीला, पूर्वरंगात, ते शुद्धतेवर बोलले होते. दृष्टांत सोन्याचाच घेतला: पहिल्या कॉन्स्टंटाइनने जे सोन्याचं नाणं पाडलं, त्यात सातशे वर्षं कुणी खोट घातली नाही. नवव्या कॉन्स्टंटाइनने मात्र त्यात हात घातला, भेसळ वाढली, आणि दहाव्याच्या हाती तर निम्मा मान गेला. माणसाच्या भक्तीचंही तसंच होतं, असं म्हणून त्यांनी तान घेतली होती. तेव्हा समोर विहीणबाई, तबल्यावर विक्रांत, दाराशी जावई.

मग उत्तररंग. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. पाचवा आला, ज्याने देवळांतल्या मूर्ती फोडल्या, चित्रं पुसली. विहीणबाईंनी दोन्ही कानांवर हात ठेवले. जावयाने जीभ चावली. आणि तेवढ्यात...

बुवांनी डोळे उघडले.

पेटीतली सोन्याची नाणी चार: पाचवा, सहावा, नववा, दहावा. बाकी तांब्याची आणि चांदीची. शुद्ध सोनं हवं असलेला माणूस नववा आणि दहावा घेणार नाही. मूर्ती फोडणारा पाचवा बाळाच्या तोंडाला लावणार नाही. उरला सहावा. त्याच्या नाण्यावर आई आणि मुलगा शेजारी शेजारी. बाळासाठी ह्याहून गोड चित्र कोणतं?

पण ज्याने सहाव्याचं पुढचं आख्यान ऐकलं, तो त्या नाण्याला चिमट्यानेसुद्धा उचलणार नाही. विहीणबाई ते ऐकून ढसाढसा रडल्या होत्या. विक्रांतने तिथेच ठेका हळू केला होता. म्हणजे ज्याने नाणं उचललं, त्याने पाचवा ऐकला आणि सहावा ऐकला नाही. त्या दोघांच्या मध्ये तो उठून गेला.

आणि पाचवा संपता संपता कारखान्यातून फोन आला होता. जावईबापू मोबाइल कानाला लावून ह्याच अंगणात आले होते, ते आरतीलाच परतले.

बुवा धावत आत आले. "माधवी, शशिकांतरावांना फोन लाव."

"बाबा, तो निर्जंतुक खोलीत असतो. मोबाइल लॉकरमध्ये. सुटला की तसाच हॉलवर येणार आहे."

बिचाऱ्याला घरात काय चाललंय ह्याचा पत्ताच नव्हता. पण मास्तरांना जाऊन काय सांगायचं? सासऱ्याने जावयाचं नाव घ्यायचं, त्याच्या आईसमोर, हातात पुरावा म्हणून एक पिवळी रेघ? आणि जर अंदाज चुकला, तर लेकीने ह्या घरात तोंड कसं दाखवायचं?

खोलीत विक्रांतच्या बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला.

"विक्रांत," बुवांनी हाक मारली, "तबला घे. आधी कीर्तन."

४

हॉल भरला होता. ड्रोहेडाच्या इस्पितळातल्या दोन डॉक्टरणी आल्या होत्या, कारखान्यांतली, ऑफिसांतली मंडळी पोराबाळांसकट आली होती. पहिल्या रांगेत टियर्नी मास्तर, मांडीवर पेटी. बुवांनी त्यांच्यासाठी अधूनमधून इंग्रजीत सांगायचं कबूल केलं होतं. विक्रांतची बॅग दाराशी भिंतीला टेकलेली सगळ्यांना दिसत होती. कुणी विचारत नव्हतं, म्हणजे सगळ्यांना कळलं होतं.

पूर्वरंग झाला. बुक्का लावला गेला. उत्तररंगात चौथा कॉन्स्टंटाइन चालू असताना मागचं दार उघडलं आणि शशिकांत आत आला. विस्कटलेले केस, कपाळावर कामाच्या टोपीचा वळ. तो मागच्या रांगेत बसला, बायकोला हात केला, बाळाला दुरून पापी दिली. चोराचा चेहरा असा नसतो, बुवांच्या मनात आलं, आणि त्यांना एकदम गलबलून आलं.

त्यांनी पाचवा झटपट आवरला. मग चिपळ्या थांबवल्या.

"मंडळी, आता सहाव्याची पाळी. पण सहावा आज गैरहजर आहे."

हॉलमध्ये चुळबुळ झाली. विक्रांतचे हात मांडीवर पडले. मास्तरांनी मान खाली घातली.

"कुणीतरी त्याला घेऊन गेलं. मी तुम्हांला त्या माणसाचं वर्णन सांगतो. नाव सांगणार नाही. नावात काय असतं ते आपण पाच वेळा पाहिलं. एकाने शहर वसवलं, एकाने देव फोडले, आणि दोघांचं नाव तेच. पहिल्याच्या पापाचा हिशेब दुसऱ्याच्या नावावर टाकायचा नसतो." ते क्षणभर विहीणबाईंकडे बघून पुढे सरले. "हा माणूस लोभी नाही. लोभी असता तर त्याने अकरावा सोडला नसता. हा चोखंदळ आहे. त्याला निर्भेळ सोनं हवं होतं, म्हणून नववा-दहावा नाकारला. हा भाविक आहे, स्वतः कबूल करणार नाही. म्हणून पाचवा नाकारला. आणि हा मायाळू आहे. आई-मुलाचं चित्र बघून विरघळला. घरात दोन बायका एका गोष्टीवरून रुसल्या होत्या. कुणालाही न सांगता त्याने दोघींना हसवलं. त्याचा अपराध एकच. त्याने कीर्तन अर्धं ऐकलं."

बुवांनी हार्मोनियमवाल्याला खूण केली. सूर लागला. ते गाऊ लागले. कुणाकडेही न बघता, डोळे मिटून.

सहावा कॉन्स्टंटाइन गादीवर आला तेव्हा पोर होता. कारभार आईच्या हाती. पोर मोठं झालं, राज्य मागू लागलं. आईला सिंहासन सोडवेना. आणि ज्या महालात त्याला जन्म दिला होता, त्याच महालात तिने आपल्या मुलाचे डोळे काढवले.

"काय?"

मागच्या रांगेत खुर्ची कोसळली. शशिकांत उभा होता. चेहरा पांढराफटक.

"बाबा, कोणाचे डोळे? सहाव्याचे? आईने?"

"होय, जावईबापू."

"अहो, ते मी बाळाला चाटवलंय."

मग शशिकांतच्या तोंडून सगळं एका दमात बाहेर पडलं. आई जेवत नव्हती. माधवी रडकुंडीला आली होती. शुद्ध सोनं आणायचं कुठून? पहाटे त्याने नाणं घेतलं, उकळत्या पाण्यात धुतलं, कडेचे फक्त दोन वळसे दिले. परत ठेवायला गेला तर बाहेर कंपनीच्या गाडीने हॉर्न दिला. ते घाईत खिशातच राहिलं. दिवसभर लॉकरमध्ये होतं. मास्तरांना तो आज सांगणारच होता. एवढं म्हणून त्याची नजर दाराशी ठेवलेल्या बॅगेवर गेली, मग विक्रांतवर, आणि त्याला काय झालं ते कळलं.

"अरे देवा," तो एवढंच म्हणाला. "विक्रांत, तुझ्यावर..."

खिशातून रुमाल काढून त्याने तो मास्तरांपुढे उघडला. माधवी बाळाला छातीशी घट्ट धरून पुढे आली होती. "त्याला काही होणार नाही ना? त्या बाईचं सोनं..."

टियर्नी मास्तरांनी नाणं उजेडाला धरलं. कडेवरून अंगठा फिरवला. बुवांनी भराभर इंग्रजीत समजावलं: सोनं, सहाण, सासू, सून. मास्तर ऐकत होते, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. आधी बुवांना वाटलं ते रडतायत. मग कळलं, ते हसतायत.

"मुली, इकडे बघ," ते म्हणाले. "हे पाडलं तेव्हा तो लहान मुलगा होता. ती फक्त त्याची आई होती. जे वाईट झालं ते पुढे झालं. ह्या नाण्याला ते ठाऊक नाही." त्यांनी नाणं उलटलं. "आणि मागे बघ. पणजोबा, आजोबा, वडील, तिघे ओळीने बसलेत. तुझ्या बाळाला एकदम तीन म्हाताऱ्यांनी आशीर्वाद दिलाय. बाराशे वर्षं ह्याच्या कडा व्यापाऱ्यांनी घासल्या. पहिल्यांदा कुणीतरी चांगल्या कामाला घासलं."

शशिकांत विक्रांतपाशी जाऊन उभा राहिला. मग दाराशी जाऊन त्याने ती बॅग उचलली आणि आपल्या खुर्चीखाली सरकवली.

मास्तरांनी माधवीकडे हात पसरला. "तुझा मोबाइल दे. माझ्याने संध्याकाळपर्यंत थांबवणार नाही."

सगळा हॉल एका बाजूचं संभाषण ऐकत राहिला. मास्तर पुतण्याला सांगत होते, की मुलगा घरचा आहे, शब्द माझा आहे. आज लोक त्याला नाही नाही ते म्हणत होते आणि तरी तो मान खाली घालून ताल धरून बसला होता, असा माणूस तुझ्याकडे दुसरा असेल तर मला दाखव. मग थोडं ऐकलं. "ग्रँड," ते म्हणाले, आणि फोन बंद केला.

"उद्या सकाळी स्वोर्ड्सची बस पकड."

विक्रांतने मान हलवली. मग तो वाकून हातोडीने उगाचच तबल्याचे गट्टे ठोकू लागला.

रोहिणीबाई उठल्या. बुक्क्याची वाटी घेऊन थेट त्याच्यापुढे जाऊन बसल्या. "वर पाह्य बाबू," म्हणाल्या. त्याने वर पाहिलं. त्यांनी त्याच्या कपाळाला बुक्का लावला, जरा नाकावरही सांडला. "माही जीभ लय वाईट. उद्याचा डबा मी देईन. काय आवडते तुले?"

"साबुदाण्याची खिचडी," विक्रांत म्हणाला, आणि इतका वेळ अडवून धरलेलं पाणी डोळ्यांतून घळघळा खाली आलं.

टियर्नी मास्तरांनी सहाव्या खळग्यात नाणं ठेवलं, झाकण उघडंच राहू दिलं, आणि हाताची घडी घालून टेकून बसले.

"हेम," ते म्हणाले, "अजून पाच उरलेत."

बुवांनी चिपळ्या उचलल्या. तबल्यावर थाप पडली, ती अशी खणखणीत, की बाळ दचकून जागं झालं आणि रडायचं विसरून ऐकत राहिलं.